हलू नका

सत्तावीस वर्षं मी एकच वाक्य विकत आलो:
हलू नका.
हनुवटी जरा खाली. कान दिसू देत. हलू नका.
रत्नागिरीत, मारुती आळीतल्या जिन्याखालच्या स्टुडिओत
पांढऱ्या पडद्यापुढं
दहावीची मुलं, कुवेतला निघालेले खलाशी,
शिंक न आवरणारी एक नवरी
श्वास धरून बसले,
आणि मी त्यांना रेखीव करून दिलं,
पाकिटात आठ प्रती.

मग भाट्याच्या किनाऱ्यावर विमानं यायची ठरली.

सरावाच्या दिवशी तीन आली, पावसच्या अंगानं.
आवाज मागून आला.
सवयीनं मी कॅमेरा तिकाटण्याला आवळला होता,
सेकंदाचा सोळाशेवा तुकडा लावला होता,
आणि तरी तीनशे अकरा फोटोंत
समुद्र, समुद्र, एक शेपूट,
बाकी ओल्या बोटानं पुसलेल्या पाटीसारखं राखाडी काही.

संध्याकाळी काजळीच्या मुखाशी
धाकू डोर्लेकर गुडघाभर पाण्यात पाग फेकत होता.
जाळ्याकडं बघत नव्हता तो.
पाण्यातली बोयटाची सावली फिरली
की तो तिच्या आधी फिरायचा,
फिरता फिरता सोडायचा,
आणि सोडल्यावरही फिरत राहायचा थोडा,
जणू जाळं अजून हातातच आहे.
"हातान नाय, कमरेन," तो म्हणाला,
"आनि सुटला म्हनून थांबलास, तर गेला."

आठ दिवस मिरकरवाड्याला गेलो, लिलावाच्या वेळेला.
बांगड्यांच्या टोपल्यांवर घारी उतरतात, त्यांच्यावर हात बसवला.
कोपरं बरगड्यांना चिकटलेली.
पावलं जिथून येणार तिकडं नाही,
जिथं संपणार तिकडं वळवलेली.
ती लांब ठिपका असतानाच फोकस धरायचा,
एकाच बिंदूवर, आणि सोडायचा नाही.
घरी कुंदा ओट्यापासून तुळशीपर्यंत जायची,
मी मागून कमरेत वळत.
"आता मी पण विमान का?"
कमी वेगाचं, म्हटलं.
त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी वाळूवर थांबलोच नाही.
उन्हं चढली की वाळूवरची हवा उकळते,
लाखाची काचही त्यातून थरथरतंच बघते.
पुढच्या घाटीच्या वळणावर चढलो,
तिथं विमान डोळ्यांच्या रेषेत येतं.
काचेवरचं खारं पुसलं. पुन्हा पुसलं.
लांबची जाऊ दिली.
कुंदा म्हणाली, मी चढत नाही बाई,
आणि पिवळी छत्री घेऊन सुरूच्या बनापाशी राहिली.

आधी पंख्याचं आलं, जुनं, घरघरणारं.
इथं गणित उलटं.
फार धार लावली तर पंखा गोठतो,
विमान दोऱ्याला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं.
अडीचशेवर उतरलो, छाती धडधडत,
आणि फिरलो.
तो सोडला. फिरत राहिलो.

चारशे वीस फोटो.
एक.

त्यात पोटाखालचे रिबिटं मोजता येतात,
तेलाचा एक ओघळ आहे,
चालकाच्या टोपावर उन्हाचा तांदूळ,
आणि पंख्याची धुरकट, गोल चकती.
मागं सुरूचं बन आडवं वाहून गेलेलं,
हजारो माणसांच्या रेघा,
रांगोळीवरून पदर गेल्यासारख्या.

रात्री स्टुडिओतल्या पडद्यावर मोठा केला.
कुंदा चष्मा लावून जवळ आली.
"मी कुठाय यात?"
मी एका पिवळ्या फराट्यावर बोट ठेवलं.
तिनं बराच वेळ बघितलं.
"हलले वाटतं," म्हणाली.

नाही गं.
तू उभीच होतीस.
हललो मी.